जुन्या ट्रॅक्टरचे इंजिन ऑइल : ऋतू बदलला म्हणून तेल बदलावे का?

बीड जिल्ह्यात उन्हाळी नांगरट, जूनची पेरणी, सोयाबीनची मळणी आणि रब्बी ज्वारीची पेरणी ही कामे ट्रॅक्टरवर होतात. साखर हंगाम सुरू झाला की ऊसतोड टोळ्यांबरोबर जिल्ह्यातील अनेक ट्रॅक्टर पश्चिम महाराष्ट्र व कर्नाटकातील कारखान्यांकडे जातात. त्यांत पंधरा-वीस वर्षे वापरलेली यंत्रेही असतात. वाहतुकीच्या करारावर उचल घेतलेली असताना ऐन हंगामात इंजिन जाम झाले, तर भाडे बुडते, उचल अंगावर राहते आणि लायनर, पिस्टन, बेअरिंगचा खर्च वेगळाच. हे टाळण्याचा सर्वांत स्वस्त उपाय म्हणजे योग्य इंजिन ऑइल.

उन्हाळ्यात जाड व हिवाळ्यात पातळ तेल घालावे, असा समज गावोगावी आढळतो. त्याला आधार आहे, पण तो येथील हवामानाचा नाही. भारतातील जुन्या ट्रॅक्टरांपैकी अनेकांची मूळ रचना युरोप-अमेरिकेतील. पिंजोर येथे १९७१ पासून तयार होणारा एचएमटी ट्रॅक्टर हा चेकोस्लोव्हाकियातील झेटॉरचा अवतार होता. बर्फ पडणाऱ्या प्रदेशांत एकाच दर्जाचे तेल बारा महिने चालत नसे. म्हणून तेथील पुस्तिकांत तापमानानुसार तेलाचे तक्ते दिलेले असत.

डब्यावरील आकड्यांचा अर्थ

तेलाच्या दाटपणाचे क्रमांक १९०५ मध्ये स्थापन झालेल्या ‘सोसायटी ऑफ ऑटोमोटिव्ह इंजिनिअर्स’ या अमेरिकी संस्थेच्या नावाने, म्हणजे ‘एसएई’ या अक्षरांनी ओळखले जातात. ‘२० डब्ल्यू ४०’ मधील शेवटचा ४० हा आकडा १०० अंश सेल्सियसला तेल किती दाट राहते ते सांगतो. तेथे त्याची श्यानता १२.५ ते १६.३ सेंटीस्टोक यांच्या दरम्यान असावी लागते. ‘डब्ल्यू’ म्हणजे हिवाळा. थंड इंजिन फिरवण्याची चाचणी ‘२० डब्ल्यू’साठी उणे १५ अंशांवर, तर ‘१५ डब्ल्यू’साठी उणे २० अंशांवर घेतली जाते.

बीडमध्ये उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो आणि कडाक्याच्या थंडीत पहाटे दहा अंशांच्या आसपास उतरतो. उणे तापमानाचा प्रश्नच येथे येत नाही. म्हणून पाण्याने थंड होणाऱ्या इंजिनासाठी पुस्तिकेत ४० क्रमांकाचे तेल सांगितले असेल, तर ‘२० डब्ल्यू ४०’ किंवा ‘१५ डब्ल्यू ४०’ हे बहुश्रेणी तेल वर्षभर चालते. पहाटे इंजिन सुरू करताना ‘१५ डब्ल्यू’ थोडे लवकर वर चढते, एवढाच फरक. हवेने थंड होणाऱ्या इंजिनाचे तापमान अधिक चढते. त्याच्याबाबत उत्पादकाची सूचनाच पाळावी.

दाटपणाइतकाच दर्जाही महत्त्वाचा. डब्यावर ‘एपीआय’पुढे ‘सीएफ-४’, ‘सीएच-४’, ‘सीआय-४’ अशी अक्षरे असतात. पहिले ‘सी’ अक्षर डिझेल इंजिनासाठी, तर ‘एस’ पेट्रोल इंजिनासाठी. मोटारसायकलचे तेल ट्रॅक्टरला चालत नाही ते याचमुळे. वरच्या दर्जाच्या तेलात काजळी धरून ठेवण्याची व साफसफाईची शक्ती अधिक असते. वर्षानुवर्षे साधे तेल वापरलेल्या इंजिनात ते प्रथमच घातल्यास साचलेला गाळ सुटू शकतो. म्हणून त्यानंतरचा पहिला बदल फिल्टरसह लवकर करावा.

जाड तेलाचा फसवा दिलासा

इंजिन धूर सोडू लागले किंवा ऑइलचा दाब कमी दाखवू लागला की ५० क्रमांकाचे तेल घालण्याचा सल्ला मिळतो. त्याने दाबाचा काटा वर जातो. झिजलेली रिंग किंवा बेअरिंग मात्र भरून येत नाही. उलट थंड इंजिनात असे तेल वरच्या भागांपर्यंत उशिरा पोहोचते, आणि दुरुस्ती लांबल्याने शेवटी क्रँकशाफ्टचे काम निघते. निळसर धूर, सतत तेल भरावे लागणे आणि इंजिन गरम झाल्यावर दाब पडणे ही दुरुस्तीची लक्षणे आहेत.

ऋतूनुसार काय बदलावे?

येथे ऋतूबरोबर बदलते ते काम, धूळ आणि ओल. त्यानुसार तेलाचा प्रकार नव्हे, तर देखभाल बदलावी.

उन्हाळा : कोरड्या नांगरटीत धूळ हा इंजिनाचा मोठा शत्रू असतो. जुन्या ट्रॅक्टरच्या एअर क्लीनरमध्ये तेलाची वाटी असते. या दिवसांत ती रोज पाहावी, चिखल साचल्यास धुऊन खुणेपर्यंतच स्वच्छ तेल भरावे. खुणेच्या वर भरलेले तेल इंजिनात ओढले जाऊ शकते. जळके ऑइल त्यात वापरू नये.

पावसाळा : उभ्या सायलेन्सरच्या तोंडावर डबा घालावा. बरेच दिवस उभा असलेला ट्रॅक्टर सुरू करण्यापूर्वी मोजपट्टी काढून पाहावी. दुधाळ तेल म्हणजे पाणी. न भरता वाढलेली पातळी म्हणजे बहुधा तेलात उतरलेले डिझेल. अशा तेलावर इंजिन चालवू नये.

हिवाळा : ऊस वाहतुकीस निघण्यापूर्वी तेल व फिल्टर दोन्ही बदलावे. पहाटे इंजिन सुरू करताच रेस करू नये; काटा स्थिरावेपर्यंत थांबावे.

अनेक जुन्या ट्रॅक्टरांसाठी तेल बदलण्याची मुदत २५० तासांची असे. धुळीच्या व जड कामात ती कमी करावी. तासांचे मीटर बंद असल्यास डिझेलची नोंद उपयोगी पडते. ताशी सरासरी चार लिटर खर्च धरल्यास २५० तास म्हणजे सुमारे हजार लिटर.

एचएमटीचा ट्रॅक्टर कारखाना बंद करण्याचा निर्णय केंद्र सरकारने २०१६ मध्ये घेतला. अशा बंद पडलेल्या बनावटीची पुस्तिका हरवली असल्यास तेच मॉडेल वापरणाऱ्याकडून तिची प्रत मिळवावी. सुट्या तेलाऐवजी सीलबंद डबा घ्यावा आणि बदलाची तारीख एअर क्लीनरजवळ रंगाने लिहून ठेवावी.

काढलेले जळके ऑइल बांधावर किंवा विहिरीजवळ ओतू नये. ते डब्यात साठवून अधिकृत संकलकाकडे द्यावे. पाण्याची टंचाई वर्षानुवर्षे सोसणाऱ्या जिल्ह्यात विहिरीचे पाणी तेलाने नासणे हे इंजिन जाम होण्यापेक्षाही मोठे नुकसान आहे.