खाणकामगाराचं घर : अ‍ॅस्पेनमध्ये राहायचं कुणी?

आज ज्या गावाबद्दल बोलायचं आहे ते अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्यात, रॉकी पर्वतात, सुमारे २,४०० मीटर उंचीवर आहे. आपलं महाबळेश्वर साडेतेराशेच्या आसपास, त्यावरून अंदाज येईल. गावाचं नाव अ‍ॅस्पेन. २०२० च्या जनगणनेत लोकसंख्या ७,००४. आपल्याकडे एवढ्या वस्तीला ग्रामपंचायत असते! आणि या गावात स्वतंत्र घर घ्यायचं तर आज सर्रास एक कोटी डॉलरच्या वर मोजावे लागतात. रुपये नव्हे, डॉलर. तिथले लोक गमतीनं म्हणतात की अब्जाधीशांनी आमच्या कोट्यधीशांना गावाबाहेर काढलं.

त्या अब्जाधीशांबद्दल मी फार बोलणार नाही. त्याच गावात बस चालवणारा, शाळेत शिकवणारा, दवाखान्यात रात्रपाळी करणारा माणूसही स्वतःच्या मालकीच्या घरात राहू शकतो. ते घर त्याला कसं मिळतं आणि त्यासाठी तो काय सोडून देतो, हा आजचा विषय. त्यासाठी जवळजवळ दीडशे वर्षं मागं जायचं आहे, आणि वाटेत मुंबईच्या टांकसाळीपाशी थोडं थांबायचं आहे.

रोअरिंग फोर्क नदीचं हे खोरं म्हणजे युट लोकांचा उन्हाळ्यातला शिकारीचा मुलूख. १८७९ मध्ये चांदी शोधणारे लोक डोंगर ओलांडून इथं आले आणि त्यांनी वस्तीला नाव दिलं ‘युट सिटी’. पुढच्याच वर्षी ते बदलून अ‍ॅस्पेन झालं, आणि १८८१ मध्ये बहुतेक युट लोकांना पश्चिम कोलोरॅडोतून हाकलून युटामधल्या राखीव जमिनीवर नेलं गेलं. त्यांना घालवा म्हणणारा राज्यपाल होता फ्रेडरिक पिटकिन. अ‍ॅस्पेन ज्या काउंटीत, म्हणजे आपण जिल्हा म्हणू, त्या काउंटीचं नाव आजही पिटकिन आहे. या गावात ‘मूळचे कोण’ असा वाद निघतो तेव्हा हे आठवावं.

१८८७ आणि १८८८ मध्ये लागोपाठ दोन रेल्वे कंपन्यांचे रूळ गावात पोचले, आणि गाव सुसाट वाढलं. १८८९ मध्ये जेरोम हॉटेल उघडलं, ऑपेरा हाऊस उघडलं. १८९० मध्ये अमेरिकी सरकारनं शर्मन कायदा करून दरमहा ४५ लाख औंस चांदी विकत घ्यायचं ठरवलं. हमखास गिऱ्हाईक! वस्ती दहा-बारा हजारांवर गेली. खाणकामगारांनी लाकडी घरं बांधली. दोन-तीन खोल्या, पुढं ओसरीसारखा छोटा व्हरांडा, उतरतं छप्पर. ही घरं लक्षात ठेवा, ती पुन्हा भेटणार आहेत.

आता मुंबई. हिंदुस्थानात तेव्हा रुपया चांदीचा होता. कुणीही चांदी घेऊन मुंबईच्या किंवा कलकत्त्याच्या टांकसाळीत जावं, आणि ठरलेलं शुल्क देऊन रुपये पाडून घ्यावेत, अशी मुभा होती. म्हणजे जगातली चांदी जिरवणारी एक प्रचंड विहीरच आपल्याकडे होती. पण जगात चांदी जास्त झाली, भाव उतरला, आणि त्याबरोबर रुपयाची पौंडातली किंमतही घसरत गेली. लंडनला द्यायची देणी पौंडांत, वसुली रुपयांत, त्यामुळे सरकार टेकीला आलं. हर्शेल समिती बसली, आणि २६ जून १८९३ रोजी लोकांसाठी रुपये पाडून देणं बंद झालं. डॉ. आंबेडकरांनी १९२३ च्या ‘द प्रॉब्लेम ऑफ द रुपी’ या ग्रंथात या निर्णयाची आणि त्याच्या परिणामांची सविस्तर चिरफाड केली आहे. अर्थात त्यांची नजर आपल्या चलनावर होती. आपण आज त्याच निर्णयाचं दुसरं टोक बघतोय.

कारण ही बातमी तारेनं पोचली, आणि औंसामागे ८० सेंटांच्या वर असलेला चांदीचा भाव काही दिवसांत ६५ च्याही खाली आला. कोलोरॅडोतल्या खाणमालकांनी कामं थांबवली. नोव्हेंबरमध्ये अमेरिकी संसदेनं शर्मन कायद्यातली खरेदीच रद्द केली, आणि सरकारी गिऱ्हाईकही गेलं. अ‍ॅस्पेन बसलं. मुंबईच्या टांकसाळीनं एकटीनं ते बुडवलं असं मी म्हणणार नाही, त्या वर्षी अमेरिकेत बँकाही कोसळत होत्या. पण पहिला धक्का आपल्याकडून गेला, हे खरं.

पुढची पन्नासएक वर्षं झटपट. १९३० मध्ये लोकसंख्या ७०५. या काळाला तिथं ‘शांत वर्षं’ म्हणतात. खाणकामगारांची घरं ओस पडली, काही सरपणाला गेली, आणि थकलेला कर भरला की घर आपलं, अशी स्थिती होती.

मग शिकागोचा एक कारखानदार आला, वॉल्टर पेपकी. पुठ्ठ्याची खोकी बनवण्याचा धंदा. त्याची बायको एलिझाबेथ हिनं १९३९ मध्येच गाव पाहिलं होतं. १९४५ मध्ये तिनं नवऱ्याला आणलं, आणि त्यानं जुनी घरं घ्यायला सुरुवात केली. जवळच्या कॅम्प हेल इथं युद्धकाळात डोंगरी सैनिकांना स्कीइंगचं प्रशिक्षण मिळालं होतं. त्यांतलाच एक, ऑस्ट्रियन फ्रीडल फायफर, पेपकीला सामील झाला. जानेवारी १९४७ मध्ये बर्फाच्या उतारावर नेणारा खुर्च्यांचा पाळणा सुरू झाला. १९४९ मध्ये गटेच्या जन्माला दोनशे वर्षं झाली म्हणून मोठा सोहळा भरवला, त्याला अल्बर्ट श्वाइट्झर आले. बर्फ आणि संगीत-तत्त्वज्ञान अशी दोन्ही गिऱ्हाइकं मिळाली. पेपकीनं गावकऱ्यांना सांगितलं, घरं रंगवा, रंग मी फुकट देतो. फक्त कुठला रंग ते माझा कलाकार हर्बर्ट बायर ठरवील. बहुतेकांनी नाही म्हटलं. मला ही गोष्ट फार आवडते. घर कुणाचं, हा वाद तिथं रंगाच्या डब्यापासून सुरू झालाय.

साठच्या दशकात बर्फावर घसरायला तरुण पोरं आली, पडेल ते काम करून खाणकामगारांच्या पडक्या घरांत, शेडमध्ये, ट्रेलरमध्ये राहू लागली. त्यांच्या मागोमाग बिल्डर आले. १९७० मध्ये लेखक हंटर थॉम्पसन शेरीफच्या निवडणुकीला उभा राहिला. त्याचा जाहीरनामा काय? रस्ते उखडून हिरवळ लावा, आणि गावाचं नाव ‘फॅट सिटी’ करा, म्हणजे अ‍ॅस्पेन या नावावर जमिनी विकणाऱ्यांचं दुकान बंद होईल. तो पडला. पण दोन वर्षांनी त्याच विचाराची, जरा कमी वेडी माणसं काउंटीत निवडून आली. त्यांनी गावाबाहेर किती घरं बांधता येतील तो आकडा एकदम खाली आणला, आणि पुढं नव्या बांधकामाला वार्षिक कोटा लावला.

हेतू चांगला होता, आणि डोंगर खरोखरच वाचला. पण मागणी वाढती, घरं मोजकी, आणि खिडकीतून दिसणारा डोंगर कायम मोकळा राहणार याची कायद्यानंच हमी. मग किमती कुठं जाणार? ज्यांनी गाव वाचवलं त्यांनाच गावात राहणं परवडेना. आपल्याकडे महाबळेश्वर-पाचगणी २००१ मध्ये आणि माथेरान २००३ मध्ये पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील जाहीर झालं. तो निर्णय हवाच होता असं माझं मत आहे. पण बांधकामाला लगाम घातल्यावर हॉटेलात राबणारी माणसं झोपणार कुठं, हा प्रश्न लगेच मागून येतो. अ‍ॅस्पेननं निदान तो अंगावर घेतला.

१९८२ मध्ये गाव आणि काउंटीनं मिळून गृहनिर्माण प्राधिकरण काढलं. आज त्याच्या कक्षेत जवळजवळ तीन हजार घरं आहेत, काही भाड्याची, काही मालकीची. पैसा कुठून येतो? मुख्यतः गावातल्या घरविक्रीवरच्या करातून. पहिले एक लाख डॉलर सोडून उरलेल्या किमतीवर एक टक्का. दोन कोटी डॉलरचा बंगला विकला गेला की जवळजवळ दोन लाख डॉलर कामगारांच्या घरांसाठी जमा. १९९२ मध्ये कोलोरॅडोनं घटनादुरुस्ती करून असे नवे कर लावायला बंदी घातली. अ‍ॅस्पेनचा कर आधीचा म्हणून वाचला. उशिरा जागं झालेल्या गावांना तो रस्ता बंद आहे.

आता यातलं मालकीचं घर घ्यायचं कसं? तुम्ही पिटकिन काउंटीत वर्षाला किमान १,५०० तास काम करायला हवं. उत्पन्नाप्रमाणे गट ठरतात. या खोऱ्यात तुमचं दुसरं घर असता कामा नये. वर्षातले नऊ महिने तरी तिथं राहायला हवं. घर रिकामं झालं की सोडत निघते. म्हाडाची सोडत माहीत असलेल्यांना वेगळं सांगायला नको. पण खरा फरक पुढं आहे. विकताना किंमत तुम्ही ठरवत नाही. साधारणपणे वर्षाला तीन टक्के किंवा महागाईचा दर, यातला जो कमी तेवढीच वाढ, ही अट खरेदीखतातच लिहिलेली असते. वीस वर्षांनी विकलं तरी दुप्पट पैसे हातात येत नाहीत. शेजारचा बंगला त्या काळात कितीही पट वाढो. म्हाडाच्या घराची सक्तीची वर्षं संपली की तो फ्लॅट बाजारभावानं विकता येतो, आणि तीच खरी कमाई असं आपण धरून चालतो. अ‍ॅस्पेनमध्ये ती मुदत संपत नाही.

रस्त्याच्या पलीकडे बघितलं तर खाणकामगाराचं तेच दोन-तीन खोल्यांचं लाकडी घर. वारसा म्हणून दर्शनी भाग जसाच्या तसा राखलेला, मागं भलंमोठं नवं घर, खाली तळघर, आणि वर्षातले बरेच महिने कुलूप. आतून एकाच गावात दोन बाजार चालतात.

ही व्यवस्था आता चाळिशी ओलांडून गेली आहे, आणि तिची दुखणी वयाची आहेत. ऐंशी-नव्वदच्या दशकात घर मिळालेले शिक्षक, स्वयंपाकी, बर्फगाडीवाले निवृत्त झाले. ठरावीक वर्षं काम केलं असेल तर निवृत्तीनंतरही त्यांना तिथं राहता येतं, आणि ते राहतात. मुलं गेली, तीन खोल्यांत एक-दोन माणसं. गावाला त्या घरात नवी परिचारिका हवी आहे. पण ज्या माणसानं बाजारभावाचा मोह सोडून आयुष्य तिथं काढलं, त्याला ‘आता जा’ म्हणायचं का? तो विकून जाणार तरी कुठं? हातात येणाऱ्या पैशात खोऱ्यात दुसरं काही मिळत नाही. दुसरं दुखणं छपराचं. किंमत वाढणारच नसेल तर इमारतीच्या मोठ्या दुरुस्तीसाठी घरमालकांची संघटना वर्गणी जमवताना मागं-पुढं बघते. पागडीच्या इमारतीत राहिलेल्यांना हे ओळखीचं वाटेल.

आणि ज्यांना सोडत लागत नाही ते खोऱ्यात खाली राहतात. आधी बसॉल्ट, कार्बनडेल. ती गावं महागली तेव्हा ६५ किलोमीटरवरचं ग्लेनवुड स्प्रिंग्ज. आता त्याच्याही पुढं रायफल, एका बाजूला शंभर किलोमीटरहून जास्त. कसाऱ्याहून सीएसएमटीला रोज येणारे इथं कुणी असतील तर त्यांना तो पहाटेचा अंधार माहीत आहे. तिथं त्यात बर्फ धरा. बससेवा मात्र उत्तम आहे, अमेरिकेच्या ग्रामीण भागातली सर्वांत मोठी समजली जाते. ती चालवायला चालक मिळावेत म्हणून बस संस्थेला स्वतःच त्यांच्यासाठी घरं शोधावी लागतात.

वेळ संपत आलीय, इथं थांबतो. प्रश्न घेऊ या.