नोटीस पोहोचावी म्हणून

पुण्याच्या शिवाजीनगर न्यायालयाच्या परिसरात आमचं वकिली कार्यालय सुरू झालं ते जमिनीच्या कामावर. हवेली, मुळशी, मावळमधल्या शेतजमिनी बिगरशेती होत होत्या. खरेदीखताआधी टायटल तपासून घ्यायला बँका, बिल्डर, घर घेणारे असे सगळेच येत. दुय्यम निबंधकाकडे तीस वर्षांची सूची दोन चाळायची, सातबाऱ्यावरून एकेक फेरफार मागे नेत जायचा आणि मग वर्तमानपत्रात जाहीर नोटीस द्यायची. कुणाचा हक्क, गहाण, पोटगी, बोजा असेल तर चौदा दिवसांच्या आत कागदपत्रांसह हरकत घ्या, एवढाच तिचा मजकूर. पण जो हक्क कागदावर कधी आलाच नाही, तो कळायला याखेरीज दुसरी वाट फारशी नसते. म्हणून आमच्या संस्थापकांनी या मजकुराकडे कधी निव्वळ उपचार म्हणून पाहिलं नाही, आणि आम्हालाही पाहू दिलं नाही.

सुरुवातीचं सगळं काम हाताचं. मसुदा टाइप व्हायचा, कारकून तो जाहिरात एजन्सीकडे नेऊन द्यायचा, संध्याकाळी प्रूफ यायचं. जाहिरातीचा दर कॉलम सेंटीमीटरवर, त्यामुळे अशिलाचा पहिला आग्रह मजकूर आखूड करण्याचा. मग कात्री लागायची ती नेमकी चतुःसीमेला. पोटहिश्शाच्या जमिनीत गट नंबर एकच आणि खातेदार अनेक असतात. शेजारी कोण हे छापलं नाही तर वाचणाऱ्याला ही आपलीच जमीन आहे हे उमगतच नाही. चतुःसीमा गाळायची नाही हा आमचा पहिला लेखी नियम झाला. त्यापायी काही कामं दुसरीकडे गेली.

२००२ साली बँकांच्या कर्जवसुलीचा सरफेसी कायदा आला आणि कामाचं स्वरूपच पालटलं. कर्ज थकलं की कलम १३(२) खाली साठ दिवसांची मागणी नोटीस. मग ताबा. ताबा घेतल्यापासून सात दिवसांच्या आत ताबा नोटीस दोन प्रमुख वर्तमानपत्रांत, त्यांतलं एक स्थानिक भाषेतलं. लिलाव असेल तर पुढे तीस दिवसांची नोटीस. मॅथ्यू वर्गीस खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली सांगितलं की ही मुदत पाळावीच लागते. २०२३ साली सेलिर विरुद्ध बाफना मोटर्स या निकालाने आणखी एक गोष्ट पक्की केली: लिलावाची नोटीस प्रसिद्ध झाली की थकबाकी भरून मिळकत सोडवण्याचा कर्जदाराचा हक्क संपतो. छापील तारखेवर माणसाचं घर अवलंबून असतं, ते असं.

बँकांच्या फायली वाढल्या तशी वहीतली तारखांची नोंद पुरेना. आधी एक्सेलचा तक्ता केला, मग पुण्यातल्याच एका छोट्या कंपनीकडून आमच्यापुरतं सॉफ्टवेअर लिहून घेतलं. दिसायला ते अगदी साधं आहे. मिळकतीचं वर्णन एकदाच भरायचं: गट नंबर, क्षेत्र हेक्टर-आरमध्ये, आकार, चार दिशा. त्यावरून मराठी आणि इंग्रजी दोन्ही मसुदे तयार होतात. पूर्वी दोन भाषांचे मसुदे दोन हातांनी लिहिले जात. एकीकडची पूर्व दुसरीकडे पश्चिम व्हायला वेळ लागत नसे. ताब्याच्या पंचनाम्याची तारीख टाकली की छपाईचा शेवटचा दिवस समोर येतो. वर्तमानपत्रांच्या सुट्ट्याही त्यात भरून ठेवल्या आहेत, कारण सात दिवसांत दिवाळी आली तर हाती उरतात त्याहून कमी.

सर्वात जास्त झगडावं लागलं ते अक्षरांशी. आमचे जुने मसुदे श्रीलिपी फॉन्टमध्ये. त्यातला मजकूर उचलून दुसरीकडे टाकला की रोमन अक्षरांचा गुंता उमटायचा. आम्ही युनिकोडवर आलो, तरी वर्तमानपत्राच्या टेबलावर मजकूर पुन्हा त्यांच्या फॉन्टमध्ये बदलला जायचा आणि त्या फेऱ्यात रफार सरकायचा, जोडाक्षर फुटायचं. ‘वर्पे’चं ‘वपे’ झालं तर त्या आडनावाचा माणूस नोटिशीवरून डोळा पुढे नेतो. त्यामुळे प्रूफ वाचण्याचं काम सॉफ्टवेअरकडे दिलेलं नाही. दोघं बसतात, एक सातबाऱ्यावरून मोठ्यानं वाचतो, दुसरा प्रुफावर बोट ठेवून पाहतो. दोघांच्या सह्या झाल्याशिवाय छपाईचा आदेश, म्हणजे आरओ, निघत नाही. तरुण सहकाऱ्यांना हे वेळखाऊ वाटतं. माझ्या मते मसुदा आणि तारखा यांत वाचलेला वेळ इथेच खर्चायचा असतो.

आणखी एका ठिकाणीही हा वाचलेला वेळ खर्चायचा असतो: लेकींच्या हक्कापाशी. महाराष्ट्राने १९९४ साली आणि केंद्राने २००५ साली मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत मुलांच्या बरोबरीने हक्क दिला. २०२० च्या विनीता शर्मा निकालाने त्याभोवतीचे बरेच वाद मिटले. पण सातबाऱ्यावर अजूनही कितीदा फक्त भावांची नावं दिसतात. मुळशीतल्या जमिनीची नोटीस पुणे आवृत्तीत येते आणि बहीण नांदत असते साताऱ्याला किंवा नगरला. वारसनोंदीत किंवा जुन्या दस्तात लेकींची नावं सापडली, तर त्या कुठे दिल्या आहेत याची विचारणा करून ती गावं आम्ही सॉफ्टवेअरमध्ये भरतो. त्या भागात कुठली आवृत्ती जाते ते यादीत दिसतं, आणि तिथेही नोटीस द्यावी असं आम्ही अशिलाला लेखी सुचवतो. समन्सच्या बाबतीत दिवाणी प्रक्रिया संहितेचं तत्त्व हेच आहे: आदेश ५, नियम २० खाली जाहिरात द्यायची ती प्रतिवादी जिथे शेवटचा राहत होता, त्या भागात खपणाऱ्या दैनिकात. खासगी नोटिशीला ते बंधन नाही. अशील बहुधा खर्चाकडे बोट दाखवतो. बहिणीचा दावा दहा वर्षांनी उभा राहिला तर काय खर्च होईल, हे मग शांतपणे समजावून सांगावं लागतं.

हरकतींचंही रजिस्टर आता सॉफ्टवेअरमध्येच आहे. पोस्टाने आलेलं पत्र, ईमेल, किंवा कुणी भाच्याकडून लिहून आणलेला हाती कागद, प्रत्येकाला क्रमांक आणि पोच मिळते. उत्तर दिल्याखेरीज आणि त्याची नोंद झाल्याखेरीज टायटल रिपोर्टचा नमुना उघडतच नाही. ही अडवणूक आम्ही मुद्दाम बसवून घेतली. कात्रणाऐवजी अख्खं पान जपतो, कारण वर्तमानपत्राचं नाव, आवृत्ती आणि तारीख कोर्टाला एकत्र दिसावी लागते. त्या पानाची स्कॅन प्रत हरकतदारालाही मागितली की मिळते.

सध्या काम चालू आहे ते गावाच्या बाजूने. वर्तमानपत्र रोज सगळ्या घरांत जात नाही. त्यामुळे सोप्या मराठीतला एक पानी गोषवारा ग्रामपंचायतीच्या फलकावर लावण्याची विनंती करायची, तो लावल्याचा फोटो तारखेसह फाइलला जोडायचा, अशी सोय सॉफ्टवेअरच्या पुढच्या आवृत्तीत येते आहे. गोषवाऱ्याचा नमुना लिहून झाला आहे. त्यात ‘बोजा’ ठेवला, ‘लीन’ हा इंग्रजी शब्द काढला, आणि हरकत कुठे व कशी द्यायची हे सर्वात वर, मोठ्या अक्षरात घेतलं.