नंदुरबार ते नॉर्थ कॅरोलिना: दोन झाडांची गोष्ट

तुमच्या ओळखीत कुणी केमोथेरपी घेतली असेल, तर ‘टॅक्सॉल’ हे नाव कानावर आलं असेल. या औषधामागचा एक रसायनशास्त्रज्ञ नंदुरबारात जन्मला होता, हे मला इथे पोस्टडॉक म्हणून आल्यावर कळलं.

मनसुख वाणी यांचा जन्म १९२५चा. मुंबई विद्यापीठात शिकून ते अमेरिकेत आले, इंडियाना विद्यापीठातून त्यांनी डॉक्टरेट घेतली आणि १९६२मध्ये नॉर्थ कॅरोलिनाच्या रिसर्च ट्रँगल इन्स्टिट्यूटमध्ये मन्रो वॉल यांच्याकडे रुजू झाले. त्याच वर्षी सरकारी वनस्पतिशास्त्रज्ञ आर्थर बार्कले यांनी वॉशिंग्टन राज्यातल्या जंगलातून पॅसिफिक यू या झाडाची साल गोळा केली. बारा किलो वाळलेल्या सालीतून हाती लागलं जेमतेम अर्धा ग्रॅम द्रव्य. त्याची रचना वाणी आणि वॉल यांनी सहकाऱ्यांसह १९७१मध्ये प्रसिद्ध केली. हे द्रव्य पेशीचं विभाजन कसं रोखतं, ते १९७९मध्ये सुझन हॉर्विट्झ यांनी दाखवलं. अंडाशयाच्या कर्करोगासाठी औषधाला मान्यता मिळाली १९९२मध्ये. सालीपासून रुग्णापर्यंत तीस वर्षं!

पण साल सोलली की झाड मरतं, आणि यू वाढतं अगदी सावकाश. रुग्ण वाचवायचा की जंगल, असा पेच उभा राहिला. तो सुटला युरोपातल्या यूच्या पानांमुळे. पानांतल्या द्रव्यापासून टॅक्सॉल बनवता येऊ लागलं, आणि पानं तोडली तरी झाड जगतं.

आता दुसरं झाड. वॉल आणि वाणी यांनीच १९६६मध्ये एका चिनी वृक्षातून ‘कॅम्प्टोथेसिन’ वेगळं केलं. त्यावरून बनलेली टोपोटेकॅन आणि इरिनोटेकॅन ही औषधं १९९६पासून इथे वापरात आहेत. हेच कॅम्प्टोथेसिन १९७२मध्ये भारतातल्या एका झाडात सापडलं. ते झाड म्हणजे आपल्या सह्याद्रीतला नरक्या. तेव्हापासून नरक्यावर कुऱ्हाड चालते आहे. चोरून तोडलेल्या नरक्याच्या लाकडाच्या बातम्या कोल्हापूर-सिंधुदुर्गाकडून अधूनमधून येतात.

वाणी २०२०मध्ये गेले. त्यांचं नाव आपल्या मुलांना जरूर सांगा. पण पुढच्या भारतवारीत सह्याद्रीत भटकायला गेलात, तर सोबतच्या गावकऱ्याला नरक्या दाखवायला सांगा. यूला पानांनी वाचवलं. नरक्याला वाचवणारी वाट अजून शोधायची आहे.