शब्दवेध : कलम

ग्रीकमध्ये 'कालामोस' म्हणजे बोरू. अरबीत त्याचं 'कलम' झालं आणि फारसीच्या वाटेने ते मराठीत आलं. लेखणी कलम, कायद्यातला परिच्छेद कलम, आणि बोरूला टोक काढावं तशी तिरकी छाटून दुसऱ्या खोडावर बांधलेली फांदीही कलमच. गंमत म्हणजे इंग्रजी 'ग्राफ्ट'चं मूळही ग्रीक 'ग्राफिऑन', म्हणजे लेखणीच!

आता प्लास्टिकवरही कलमं होतात. पॉलिथिन आणि नायलॉन एकमेकांत मिसळत नाहीत, की चिकटत नाहीत. म्हणून वितळलेल्या पॉलिथिनच्या साखळ्यांवर पेरॉक्साइडच्या मदतीने मॅलेइक अनहायड्राइडचे रेणू बसवतात. नायलॉनच्या अमाइन टोकांशी त्यांचा रासायनिक बंध जुळतो. हे कलम वजनाने अनेकदा 1 टक्क्याहूनही कमी असतं, तरी खाद्यपदार्थांच्या बहुपदरी पिशव्यांत दोन थरांना तेच धरून ठेवतं. सगळं काम एक्स्ट्रूडरमध्येच, म्हणजे प्लास्टिक वितळवून दाबाने बाहेर काढणाऱ्या यंत्रातच उरकत असल्याने द्रावक लागत नाही, त्याचा कचराही होत नाही. अशा पिशव्यांची कात्रणं पुन्हा वितळवतानाही थोडं कलमी पॉलिथिन घालतात; नाहीतर निघणारा माल ठिसूळ होतो आणि कात्रणं उकिरड्यावर जातात.