टहाळ, दफनभूमी आणि १८७८

लंडनच्या ईशान्येला एपिंगचं जंगल आहे. ते पसरलंय मुख्यतः एसेक्सच्या बाजूला, पण त्याचा कारभार पाहतं लंडन शहराचं कॉर्पोरेशन. ही उफराटी व्यवस्था जमली ती एका दफनभूमीमुळे.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला इंग्रज सरकारने जंगलावरचे राजघराण्याचे हक्क जमीनदारांना विकायला काढले. शेजारचं हेनॉल्ट जंगल तर १८५१च्या कायद्यानंतर बघता बघता भुईसपाट झालं. लाउटन गावात मेटलंड नावाच्या पाद्री-जमीनदाराने रानाला कुंपण घातलं. गावकऱ्यांची तिथे जुनी वहिवाट होती: ११ नोव्हेंबरच्या मध्यरात्रीपासून टहाळ तोडायचे आणि हिवाळ्याचं सरपण साठवायचं. टॉमस विलिंगेल या म्हाताऱ्याने कुंपणाला भीक घातली नाही. १८६६मध्ये त्याच्या घरची माणसं तुरुंगात गेली. मग त्याने दावा लावला, पण १८७०मध्ये तो वारला आणि दावाही बारगळला.

पुढे कॉर्पोरेशन मैदानात उतरलं. दफनभूमीसाठी त्याने ऑल्डर्सब्रुकला जमीन घेतली होती आणि त्या जमिनीबरोबर जंगलात गुरं चारायचा हक्कही पदरात पडला होता. त्या चराईच्या जोरावर कॉर्पोरेशनने १८७१मध्ये जमीनदारांना कोर्टात खेचलं. १८७४मध्ये न्यायाधीश जेसल यांनी १८५१नंतरची कुंपणं बेकायदा ठरवली. १८७८च्या एपिंग कायद्याने जंगल लोकांसाठी कायम खुलं झालं. कॉर्पोरेशन त्याचं राखणदार झालं आणि सोबतीला चराईहक्कवाल्यांनी दर सात वर्षांनी निवडायचे चार वर्डरर, म्हणजे जंगलाची देखरेख करणारे प्रतिनिधी, आले.

टहाळाचा हक्क मात्र गेला. भरपाईच्या पैशातून लाउटनला १८८४मध्ये ‘लॉपिंग हॉल’ उभा राहिला. छाटणी थांबल्यावर जुनी हॉर्नबीमची झाडं माथ्यावर दाटली आणि खाली ऊन पोचेना, हा त्या लोककल्याणाचा न सांगितला जाणारा भाग.

त्याच १८७८मध्ये हिंदुस्थानातही वन कायदा आला. एपिंगला गावकऱ्यांच्या पाठीशी एक धनाढ्य संस्था होती. इथे जंगल राखीव करणारं सरकारच, आणि लोकांचे हक्क ऐकून घेणारा अधिकारीही सरकारचाच. ठाणे-कुलाब्यातला शेतकरी भाताच्या रोपांसाठी जमीन भाजायचा. त्या राबाला टहाळ लागत आणि जंगलखातं ते तोडू देईना. जोतीराव फुल्यांनी ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये या खात्याला धारेवर धरलं. ओरड वाढली तेव्हा मुंबई सरकारने १८८५मध्ये आयोग नेमला. त्याचा अहवाल १८८७मध्ये आला.