दीड लिटरचे टर्बो इंजिन

१. ‘दीड लिटर’ हा आकडा वाचून हे इंजिन दुबळे समजू नये. १९६६पासून फॉर्म्युला वनमध्ये साध्या इंजिनाला तीन लिटरची मर्यादा होती, हवा दाबून भरणाऱ्याला दीड लिटरची. हा दुसरा पर्याय रेनोने १९७७मध्ये सिल्व्हरस्टोनला प्रथम मैदानात आणला. १९७९मध्ये दिजाँला चालक जाबुईने त्यावर पहिली शर्यत जिंकली. लिटरचा आकडा सांगतो ती फक्त सिलिंडरांतील जागा. बाहेर पडणाऱ्या धुराच्या जोरावर टर्बो फिरतो आणि त्याच जागेत कितीतरी जास्त हवा कोंबतो. तेवढे जास्त इंधन जळते. म्हणूनच १९८६च्या पात्रता फेऱ्यांत ही इंजिने हजार अश्वशक्तीच्या पुढे गेली. मग लगाम घातला तो हवेच्या दाबाला : १९८७मध्ये चार बार, १९८८मध्ये अडीच. शर्यतीसाठीचे इंधनही १९८४च्या २२० लिटरवरून १९८८मध्ये १५०वर आले. आमच्या मते सर्वांत शहाणा नियम हाच, कारण त्याने ताकदीइतकीच काटकसरीची कसोटी लावली. तरीही १९८८च्या सोळांपैकी पंधरा शर्यती मॅक्लारेनने होंडाच्या टर्बोवरच जिंकल्या. १९८९मध्ये टर्बोवर बंदी आली.