मनाचा रिपोर्ट

पुढच्या आठवड्यात धाकट्या बहिणीचं पित्ताशयाचं ऑपरेशन आहे. रक्त, लघवी, ईसीजी, छातीचा फोटो... सगळे रिपोर्ट फायलीला लागले. परवा फोनवर म्हणाली, "ताई, सगळं तपासलं गं, पण भीती वाटते का, हे कुणीच विचारलं नाही."

मला ह्यांचं पोटाचं ऑपरेशन आठवलं. "काही नाही हो, किरकोळ आहे," असंच आम्ही सगळे म्हणत राहिलो. शुद्धीवर आल्यावर नाकात नळी, पोटात कळा. ते माझ्यावरच चिडले. "आधी सांगितलं का नाहीस?" दोन दिवस धड बोलले नाहीत. मी म्हटलं, स्वभावच तापट, चालायचंच.

स्वभावाचा दोष नव्हता, हे पुढे वाचनातून कळलं. येल विद्यापीठातले मानसशास्त्रज्ञ आयर्विंग जॅनिस यांनी ऑपरेशनच्या आधी आणि नंतर रुग्णांशी बोलून १९५८ साली एक पुस्तक लिहिलं. आधी अजिबात न घाबरलेले रुग्णच नंतर जास्त संतापतात, आणि बेताची काळजी केलेले नीट सावरतात, असं त्यांचं म्हणणं. पुढच्या अभ्यासकांना हे तंतोतंत पटलं नाही. पण रुग्णाच्या मनात डोकवायला हवं, हा विचार रुजला.

१९६४ साली बॉस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमधल्या डॉ. एग्बर्ट आणि सहकाऱ्यांचा प्रयोग प्रसिद्ध झाला. (१८४६ साली ईथरच्या भुलीचं जाहीर प्रात्यक्षिक झालं, तेच हे हॉस्पिटल.) पोटाचं ऑपरेशन व्हायचे ९७ रुग्ण. भूल देणारे डॉक्टर आदल्या रात्री सगळ्यांनाच भेटले. पण त्यातल्या ४६ जणांना दुखणार कुठे, किती, कशाने, आणि स्नायू सैल कसे सोडायचे, कुशीवर कसं वळायचं, हेही समजावून सांगितलं. कुणाला सांगितलंय हे सर्जनना माहीत नव्हतं. या ४६ जणांना वेदनाशामक औषध जवळपास निम्मंच लागलं आणि ते सरासरी २.७ दिवस आधी घरी गेले. नवं औषध काही नव्हतं, नुसतं बोलणं!

१९९१ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेच्या परिषदेने वजन घटवण्याच्या ऑपरेशनआधी रुग्णाला तपासणाऱ्यांत मानसोपचाराचा जाणकारही असावा, असं सांगितलं. आपल्याकडे मात्र 'मानसिक तपासणी' म्हटलं की "मला काय वेड लागलंय?" असंच लोक विचारतात. अहो, ती पास-नापासाची परीक्षा नव्हे. माणसाला काय सोसायचंय त्याची तयारी करून घ्यायची, एवढाच तिचा अर्थ.

काल बहिणीला पुन्हा फोन केला. "भीती नेमकी कशाची, ते सांग." दुखण्याची नव्हतीच. भुलीतून जाग येईल ना, ही होती. म्हटलं, भूल देणारे डॉक्टर भेटतील तेव्हा हेच विचार, लाजू नकोस.

ह्यांनाही तेव्हा एवढं विचारायला हवं होतं. आता विचारता येत नाही.